'चेतावनी' ऐकला का? नसेल तर आज ऐका

यवतमाळात हिप-हॉप म्हटलं की लोक अजून 'पोरांचा धिंगाणा' म्हणतात. अशांसाठी मुंबईच्या 'स्वदेशी' गटाचा 'चेतावनी' (२०२०) हा अल्बम. हिप-हॉप, जमैकन वळणाचा बेस आणि आदिवासी गाणं एकाच ताटात. मराठी, हिंदी, गुजराती, सगळ्या भाषा चालतात.

सुरुवात 'द वारली रिव्होल्ट'पासून करा. मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यात गातात. रॅपर मंडळी जोशात येतात, पण खरं गाणं भोईरांच्या आवाजावर उभं आहे. हेडफोन लावून ऐकाल तर पटेल. विषय आरेचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी तिथली दोन हजारांवर झाडं कापली, तीही रात्रीतून सुरुवात करून! पण गाण्याच्या नावातला वारली आदिवासींचा उठाव म्हटलं की मला १९४५ आठवतं : तलासरी-डहाणूकडचा वेठबिगारीविरुद्धचा लढा, त्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर, पोलिसांच्या गोळीबारात गेलेले जेठ्या गांगड. परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' शोधून वाचाच.

आणि जंगलाचं भांडण आपल्या यवतमाळकडे काही नवं नाही भाऊ. १९३० मध्ये वणीच्या बापूजी अणेंनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो राखीव जंगलातलं गवत कापून.

'स्वदेशी'तला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. वऱ्हाडीत रॅप हवा असेल तर अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऐका. आपल्याकडच्या कोलाम-गोंड गायकांना घेऊन असं कोणी करत असेल, तर कमेंटमध्ये लिंक टाका.