भूक लागण्याआधी घास, दम लागण्याआधी विसावा



आम्ही मुलुंडच्या बायका. आमच्यात कुणी शिक्षिका आहे, कुणी पोळीभाजी केंद्र चालवते, कुणी घर सांभाळते. रविवारी पहाटे आम्ही सायकली काढतो. ऐरोलीचा पूल ओलांडायचा, पनवेल, चौक करत खोपोली गाठायची. हे अंतर साधारण ६५ किलोमीटर. पुढे बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यत याच घाटातून जाते. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. आम्हाला राजा व्हायचे नव्हते, सगळ्यांनी मिळून लोणावळ्याला पोहोचायचे होते.

पहिल्या खेपेला ते जमले नाही. खोपोलीच्या अलीकडे आमची एक मैत्रीण सायकलवरून उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली. हातपाय थरथरत होते, अंगाला गार घाम सुटला होता. पहाटे घरातल्यांचे डबे भरून ती नुसत्या चहावर निघाली होती. आम्ही तिला साखरपाणी दिले, केळे दिले. थोडी हुशारी आल्यावर ती म्हणाली, “भूक मघाशीच लागली होती. पण माझ्यासाठी सगळ्यांना कशाला थांबवू?”

सख्यांनो, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे ना?

असे का होते, ते समजून घेऊ. भाकरी, भात, गूळ यांतून मिळणारी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवते. रात्रभराच्या उपाशी पोटाने यकृतातला साठा सकाळी आधीच कमी झालेला असतो. जोराची मेहनत केली, तर उरलेला साठाही दीड-दोन तासांत बराच संपतो. अंगावर चरबी असते, पण ती ओंडक्यासारखी सावकाश जळते. चूल पेटती ठेवायला मधून मधून काटक्या घालाव्याच लागतात.

म्हणून आम्ही काही नियम केले.

निघण्याआधी पोहे, उपमा किंवा पोळी खायचीच. नंतर दर तासाला एक केळे आणि दोन खजूर, किंवा गुळाची चिक्की. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, म्हणजे तासाला साधारण अर्धा लिटर. उन्हात जास्त. घामावाटे मीठही जाते, म्हणून एका बाटलीत सरबत: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्या मैत्रिणींनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आता वेग. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. पुढची सायकल वारा अंगावर घेते, मागचीला कमी जोर लागतो. म्हणून दर दहा मिनिटांनी पुढची बाई बदलायची. सर्वांत शेवटी एक अनुभवी बाई राहते, तिच्या मागे कुणी राहायचे नाही. घाटात हलका गिअर टाकून पाय सावकाश फिरवत ठेवायचे.

सर्वांत मोठा नियम विसाव्याचा. पूर्वी पुढच्या बायका आधी पोहोचून दहा मिनिटे बसायच्या आणि मागची आली की लगेच उठायच्या. म्हणजे जी जास्त दमली तिलाच विसावा नाही! आता शेवटची सायकल टेकली की मग दहा मिनिटे मोजतो. आणि थांबायचे ते घड्याळ पाहून. कुणाला मागायची वेळच येऊ द्यायची नाही.

पुढच्या खेपेला ती मैत्रीण शिंग्रोबाच्या देवळापाशी हसत उभी होती. त्या दिवशी आम्ही सगळ्या लोणावळ्याला पोहोचलो.

तुमच्याकडे भाताची लावणी असते, खुरपणी असते, लेकी सायकलने दूरच्या शाळेत जातात. पंढरीच्या वाटेवर दिंडीचे विसावे आधीच ठरलेले असतात, तसे आपल्या गटानेही ठरवावेत. उद्या कामाला निघताना एवढेच करा: पदरात गूळ-शेंगदाणे बांधा आणि घास घ्यायची वेळ आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.