पर्सिव्हल एव्हरेट: एका कादंबरीचे तीन अवतार

‘अमेरिकन फिक्शन’ सिनेमा पाहिलाय? तो पर्सिव्हल एव्हरेट यांच्या २००१ च्या ‘इरेजर’ कादंबरीवर बेतलाय. त्यातला कृष्णवर्णीय प्राध्यापक वैतागून, टोपणनावानं, मुद्दाम भडक आणि साचेबद्ध ‘काळी’ कादंबरी लिहितो; आणि प्रकाशक तिच्यावर अक्षरशः तुटून पडतात!

एव्हरेट यांचा जन्म १९५६ चा, बालपण साउथ कॅरोलिनात, पदवी तत्त्वज्ञानाची. पहिली कादंबरी १९८३ मध्ये. तेव्हापासून वीसेक कादंबऱ्या झाल्या, पण प्रसिद्धी फार उशिरा आली. खोडकर माणूस! २०२० ची ‘टेलिफोन’ त्यांनी तीन वेगवेगळ्या रूपांत छापून घेतली, तीही सुरुवातीला कुणाला न सांगता. म्हणजे दोन मित्र त्याच पुस्तकाच्या शेवटावरून भांडले, तर दोघंही बरोबर.

‘जेम्स’ (२०२४) मध्ये ‘हकलबेरी फिन’ या जुन्या अमेरिकन कादंबरीची गोष्ट त्यातलाच गुलाम जिम सांगतो. हा जिम घरात मुलांची शिकवणी घेतो, विषय: गोऱ्यांसमोर मोडकंतोडकं कसं बोलायचं. याच पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ चं पुलित्झर मिळालं.

तरी माझं ऐकाल तर आधी त्यांची ‘द ट्रीज’ ही कादंबरी घ्या. विषय लिंचिंगचा, आणि पानोपानी हसू फुटतं.