खासदारांकडची इंटर्नशिप : पहिल्या आठवड्यात काय होते?

"ताई, तीन दिवस झाले, मी नुसती पत्रं लावतेय. संसद अजून बाहेरूनच बघितली." आमच्या अभ्यासिकेतून दिल्लीला एका खासदारांकडे इंटर्नशिपला गेलेल्या मुलीचा हा फोन. घरातली पहिली पदवीधर. तिला परत बोलावून घ्यावे, असे वडील म्हणू लागले होते. हे काम प्रत्यक्षात कसे असते हे आपल्या घरांत कुणालाच माहीत नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खासदारांचे कार्यालय म्हणजे बहुतेक वेळा त्यांचे निवासस्थानच. नॉर्थ अव्हेन्यू, साउथ अव्हेन्यूच्या घरांत पुढच्या खोलीत दोन टेबले, एक स्वीय सहायक आणि फायलींचा ढीग. इंटर्न झाले म्हणजे संसदेत प्रवेश मिळाला असे नाही. पास वेगळा लागतो आणि 13 डिसेंबर 2023 च्या सुरक्षाभंगानंतर तपासणी अधिकच कडक झाली आहे.

आता त्या पत्रांविषयी. रेल्वेचा थांबा, उपचारासाठी पंतप्रधान मदत निधीची शिफारस, अडकलेली पेन्शन. केंद्रीय विद्यालयातला खासदारांचा कोटा 2022 मध्ये रद्द झाला, तरी प्रवेशाची विनंती घेऊन लोक येतातच. ही पत्रे नीट वाचली की मतदारसंघात कुठली योजना कुठे अडली आहे ते कळते, आणि संसदेतला चांगला प्रश्न बहुधा अशा पत्रातूनच निघतो.

लोकसभेत रोज 20 तारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. 230 अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, क्रम सोडतीने ठरतो आणि प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो. तो वार हुकला की पुढचा आठवडा.

आमच्या मुलीने पहिला मसुदा केला तो अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर : विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही हे खरे आहे काय? अशा प्रश्नाला मंत्रालय योजनेची माहिती देऊन मोकळे होते. मी तिला म्हटले, योजनेचा सांगाडा आधी बघ. 2021 पासून केंद्र-राज्य हिस्सा 60:40 आहे आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. मग विचार, राज्याने आपला हिस्सा दिल्यानंतर केंद्राची रक्कम किती विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा व्हायची बाकी आहे, राज्यनिहाय, वर्षनिहाय. आता आकडा द्यावा लागतो. 'माहिती गोळा केली जात आहे' असे उत्तर आले, तर ते आश्वासन धरले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ही गोष्ट कॉलेजात कुणी शिकवत नाही. मलाही एम.ए.ला शिकवली नव्हती.

बाबासाहेबांनी 1956 मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले, ते याच गरजेतून. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ते टिकले नाही. आपण पुतळे उभारले, हे काम मात्र राहून गेले.

आणि पैसा. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची लॅम्प फेलोशिप पदवीधरांना खासदारांसोबत काम देते आणि मासिक मानधनही देते. वयाची अट 25 वर्षांपर्यंत. पण खासदारांकडे थेट लागलेल्या कित्येक इंटर्नना काहीच मिळत नाही. ज्याच्या काकांचे दिल्लीत घर आहे त्याला हे परवडते. आमच्या मुलीला खोलीची अनामत रक्कम आणि महिन्याचे भाडे पहिल्याच दिवशी द्यायचे होते. वर घरमालकाने पूर्ण नाव विचारले, आडनाव ऐकून गावही विचारले. तिसऱ्या घरी खोली मिळाली. विहारातल्या महिला मंडळाने दोन महिन्यांचे भाडे वर्गणीतून उभे केले, नाहीतर ती पहिल्या आठवड्यातच परतली असती.

तिचा प्रश्न सोडतीत मागे पडला. पुढच्या आठवड्यातल्या मंत्रालयाच्या वारासाठी खासदारांनी तो पुन्हा दिला आहे, या वेळी अतारांकित म्हणून. वडिलांनी काल मला फोन करून विचारले, "उत्तर आलं की आपल्याला घरी बघता येईल का?" येईल, संसदेच्या संकेतस्थळावर.