चुन्याचा परतीचा प्रवास

गडकिल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मी रसायनशास्त्र कॉलेजात शिकलो नाही; माझा अभ्यास त्या चाकापाशी सुरू झाला.

घाणीत घडतो तो मुख्यतः भौतिक बदल. चुना आणि वाळू एकजीव दिसतात, पण दोन्ही पदार्थ तेच राहतात. खरं रूपांतर त्याआधी, भट्टीत होतं. चुनखडी किंवा शिंपले साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातला कर्बवायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीचा ५६ किलो कळीचा चुना उरतो. खडा दिसतो जवळपास तसाच, पदार्थ मात्र निराळा. हे घटलेलं वजन वायूचं, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवलं. कळीवर पाणी घातलं की ती तापते, फुटते. १८ किलो पाणी बांधून घेऊन ५६ किलोंचे ७४ होतात.

भिंतीवर चढल्यावर जास्तीचं पाणी उडून जातं. हा पुन्हा भौतिक बदल. पण वाळणं म्हणजे घट्ट होणं नव्हे. चुना हवेतला कर्बवायू सावकाश, वर्षानुवर्षं परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो.

हे ठाऊक नसताना मी आमच्या जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंटने ती आत कोंडली. चार पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर जुना चुनाही सुटून आला. जुन्या वास्तूंची डागडुजी करताना आजही हीच चूक होते. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी भिंत कशाची आहे, एवढं तरी पाहावं.