बुजरी घोडी गाडीतून सुखरूप आणावी कशी?

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली, की शहादा तालुक्यातल्या गावागावांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘यंदा सारंगखेड्याला जायचे ना?’ तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. दत्तजयंतीपासून तेथे यात्रा भरते आणि यात्रेसोबत घोड्यांचा मोठा बाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब अशा दूरदूरच्या मुलखांतून घोडे येतात. पांढरे नुकरे, तांबूस कुमैत, अबलख, चार पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याणी. नुसते पाहत फिरले तरी दिवस पुरत नाही. आमच्या ब्राह्मणपुरीचीही माणसे जातात. कोणी लग्नसराईच्या धंद्यासाठी घोडी बघतो, कोणी हौसेने शिंगरू घेतो.

सौदा करताना आपण दात पाहतो, टापा पाहतो, भोवरे पाहतो, चाल पाहतो. जाणत्या माणसाला सोबत नेतो. पण पैसे मोजून झाले, की सगळ्यांना घरी जायची घाई होते. दिसेल ती गाडी ठरवायची, चार माणसांनी मागून लोटायचे आणि निघायचे. पूर्वी घोडा पायी आणीत किंवा त्याच्यावर बसूनच येत. आता पिकअप, टेम्पो, ट्रक आले आणि दिवसाची वाट तासावर आली. पण हा एक तास घोड्याच्या आयुष्यातला सर्वांत भीतीचा तास असू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. आमच्या घराने ते फार महागात शिकले. म्हणून हा लेख.

आमच्या घरची गोष्ट

१९९४ सालच्या यात्रेत वडिलांनी एक कुमैत घोडी घेतली. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. घोडी चार वर्षांची, देखणी, पण बुजरी. वाऱ्याने कागद उडाला तरी कान टवकारायची. भाड्याचा टेम्पो मिळेपर्यंत दिवस मावळला. हौद्यात अंधार, खाली उघडा पत्रा. घोडी फाळक्यापर्यंत आली आणि थांबली. कोणी शेपटी पिळली, कोणी मागून दोर घातला, कोणी काठी उगारली. अखेर तिच्या डोळ्यांवर फडके बांधून तिला वर चढवले. वर जाताच एकाने तिचे तोंड केबिनच्या दांडीला आखूड बांधून टाकले. मागचा फाळका मात्र अजून उघडाच होता.

घोडी घाबरून मागे सरली. दोर ताणला गेला. मान अडकताच तिने दोन पाय वर घेतले आणि ती बाजूच्या फळीवर आदळली. पुढचा पाय फळीच्या फटीत गेला. तो मोडला. त्या रात्री डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितले, की आता तिची वेदना थांबवणे एवढेच आपल्या हातात आहे. आबा काही बोलले नाहीत. नवी मोरकी हातात घेऊन ते पहाटे घरी आले. माय हळदीकुंकवाचे ताट घेऊन दारात उभी होती.

पुढे आबा पुष्कळदा म्हणत, “घोडी वाईट नव्हती. आपण घाई वाईट केली.”

घोडा का बुजतो?

घोडा मूळचा मोकळ्या रानातला, कळपात राहणारा प्राणी. त्याच्याकडे शिंगे नाहीत, सुळे नाहीत. संकट दिसले की पळणे हाच त्याचा बचाव. त्याला अरुंद, अंधाऱ्या, पोकळ आवाज करणाऱ्या खोक्यात शिरायला सांगणे म्हणजे तो बचावच काढून घेणे होय.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला चौफेर दिसते, पण कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपल्याला जो हौदा दिसतो, तो त्याला काळा खड्डा वाटतो. तो थांबतो, मान खाली घालतो, हुंगतो. आपण त्याला हट्ट म्हणतो. खरे म्हणजे तो विचार करत असतो. त्याच क्षणी काठी बसली, की गाडी म्हणजे मार हे त्याच्या डोक्यात पक्के बसते. घोड्याची आठवण मोठी असते. एकदा बसलेली धास्ती काढायला पुढे महिने लागतात.

घरीच शिकवावे

घरच्या घोड्याला यात्रेला, लग्नाला किंवा दवाखान्यात न्यायचे असेल, तर शिक्षण दहा-पंधरा दिवस आधी सुरू करावे. गाडी अंगणात किंवा खळ्यात उभी करावी. पहिले एक-दोन दिवस घोड्याला गाडीजवळच चारा घालावा. मग चाऱ्याचे घमेले फाळक्यावर ठेवावे. पुढचे दोन पाय वर ठेवले, की शाबासकी द्यावी आणि लगेच खाली उतरू द्यावे. खाली उतरता येते हे ज्याला कळले, तो वर चढायला भीत नाही. मग पूर्ण वर, मग मागची दांडी लावून, मग इंजिन सुरू करून आणि शेवटी गावाच्या वेशीपर्यंत एक फेरी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी घेऊ नये. रोज पाव तास पुरे. घोडा शांत असतानाच त्या दिवसाचा धडा संपवावा.

बाजारातून घेतलेल्या घोड्याबाबत एवढा वेळ मिळत नाही. तरीही सौदा सकाळी करावा आणि दुपारी उजेडात निघावे. मधले तीन-चार तास नव्या मालकाने घोड्यासोबत काढावेत. खरारा करावा, पाणी दाखवावे, आपला आवाज ओळखीचा करावा. विकणाऱ्याला विचारावे, की हा गाडीतून आला का, कसा चढतो, कोणाच्या मागे चढतो? जमल्यास त्याच्या खालची थोडी लीद मिसळलेले गवत मागून घ्यावे आणि आपल्या गाडीत पसरावे. ओळखीचा वास घोड्याला धीर देतो.

गाडी कशी असावी?

पुणे-मुंबईच्या शर्यतीच्या घोड्यांसाठी खास बनवलेल्या गाड्या असतात. आपल्याला त्या कोठून मिळणार? पण साध्या गाडीतही पुष्कळ करता येते. जनावरांच्या वाहतुकीचे सरकारी नियम १९७८ सालापासून आहेत आणि त्यांत घोड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. नियम वाचले, तर ते एखाद्या जाणत्या मोतद्दारानेच सांगितल्यासारखे वाटतात.

तळाला पाय घसरणार नाही असे काही हवे. रबरी चटई उत्तम. नाही तर पोती अंथरून त्यांवर गवत किंवा भुशाचा जाड थर द्यावा. हौद्याच्या बाजू कमी उंचीच्या असतील तर त्या वाढवून घ्याव्यात. फटी फळ्यांनी बंद कराव्यात आणि टोकदार खिळे, पत्रे ठोकून घ्यावेत. दोन घोड्यांच्या मध्ये निदान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन मजबूत दांड्या असाव्यात. मोठ्या ट्रकमध्ये घोडे आडवे उभे केल्यास त्यांची तोंडे डाव्या बाजूला ठेवावीत, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांनी ते बुजत नाहीत. एका गाडीत चार ते सहापेक्षा अधिक घोडे नसावेत आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर जाऊ नये. मोटार वाहन नियमांनुसार एका घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा मिळाली पाहिजे. घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही बरोबर हवा.

चढवताना

गाडी सपाट, घट्ट जमिनीवर उभी करावी. शेताच्या बांधाला किंवा मातीच्या उंचवट्याला मागून टेकवली, तर हौद्याचा तळ आणि जमीन एका पातळीवर येतात आणि अर्धे काम होते. ताडपत्री वर गुंडाळावी, आत उजेड येऊ द्यावा. टेपचा आणि बघ्यांचा आवाज बंद असावा.

धरणारा माणूस एकच, तो घोड्याच्या खांद्याजवळ. कासरा हाताला गुंडाळू नये. समोर उभे राहून डोळ्यांत बघत ओढू नये; घोडा उलट मागे रेटतो. हलका ताण द्यावा आणि एक पाऊल पुढे पडताच दोर सैल सोडावा. पाऊल टाकले की सुटका होते, हे त्याला कळले पाहिजे. थांबला तर थांबू द्यावे, हुंगू द्यावे. एखादा जुना, शांत घोडा आधी चढवता आला तर फारच चांगले. मागे सरळ रेषेत कोणीही उभे राहू नये.

आणि हे वाक्य आमच्या घराने मोठी किंमत मोजून मिळवले आहे: मागची दांडी लागल्याशिवाय तोंड बांधू नये आणि तोंड सोडल्याशिवाय मागची दांडी काढू नये.

दोर बांधावा तो एका ओढीत सुटणाऱ्या सुरगाठीने. घोड्याला मान खाली घालता येईल इतका तो लांब असावा, पण पाय अडकेल इतका नसावा. मान सतत वर राहिली तर नाकातला-घशातला कचरा बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसाला सूज येऊन ताप भरतो. कापसाच्या पट्ट्या चारही पायांना बांधाव्यात, पण आवळून नव्हे.

गुंगीचे औषध स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. गुंगीत घोड्याचा तोल जातो आणि तो चालत्या गाडीत पडतो. अगदीच गरज असेल, तर ते डॉक्टरांनी ठरवावे.

वाटेत

निघण्यापूर्वी चारा-पाणी द्यावे, पण दाण्याचा तोबरा भरून लावू नये. ड्रायव्हरला आधीच सांगावे, की वळणावर, गतिरोधकावर आणि ब्रेक लावताना घोडा चार पायांवर तोल सांभाळत असतो. त्याला धरायला हात नाहीत. यात्रेचे दिवस म्हणजे आपल्याकडे उसाचे दिवस. मोठ्याने गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर असतात. त्यांना पुढे जाऊ द्यावे.

घोडा ज्याला ओळखतो असा माणूस सोबत असावा. पहिल्या अर्ध्या तासात एकदा थांबून बघावे. कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, घामाने अंग ओले, पातळ लीद, टापा आपटणे, ही भीतीची लक्षणे होत. लांबचा प्रवास असेल तर दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून पाणी पाजावे. काही घोडे परक्या ठिकाणचे पाणी पीत नाहीत, म्हणून घरचे किंवा बाजारातलेच पाणी कॅनमधून सोबत घ्यावे. गाभण घोडीला शेवटच्या महिन्यांत शक्यतो हलवूच नये.

घरी आल्यावर

उतरवण्याचीही घाई नको. खाली आल्यावर पाच-दहा मिनिटे हळू चालवावे, थोडे थोडे पाणी द्यावे, मग चारा. दाणा काही तासांनी. पुढचे दोन-तीन दिवस ताप बघावा. निरोगी घोड्याचा ताप साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतो. नाक वाहणे, खोकला, पोटाकडे वळून बघणे, लोळणे यांपैकी काही दिसले, तर डॉक्टरांना लगेच बोलवावे. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते.

नवा घोडा दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळा बांधावा. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो; त्यासाठी रक्ताची तपासणी झाली आहे ना, ते घेतानाच विचारावे. धनुर्वाताची लसही टोचून घ्यावी.

आमची दुसरी घोडी

त्या प्रसंगानंतर बरीच वर्षे आमच्या गोठ्यात घोडी आली नाही. २०११ साली मी पुन्हा एक घेतली. ही व्यापाऱ्याची नव्हे, शेजारच्या गावातली, पण गाडीला पाहताच थरथरणारी. मी तिला शिकवायला लागलो. आठ दिवस झाले तरी ती पुढचे दोन पाय ठेवी आणि परत फिरे. माझा धीर सुटत चालला होता.

एका सकाळी माय भिजवलेल्या हरभऱ्याचे घमेले घेऊन आली. रोज घोडीला दाणा तीच घाली. गाडीत आपली आपण चढली आणि कडेला फळीला टेकून, घमेले पुढ्यात धरून बसली. घोडीला बोलावलेही नाही. शेजारणीशी बोलावे तसे तिच्याशी पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राहिली. मी दोर सैल सोडला. दहा मिनिटे गेली असतील. घोडीने एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि खडखड आवाज करत ती वर गेली.

आबा ओट्यावर बसून सगळे बघत होते. त्यांनी मला हाक मारली आणि एवढेच म्हणाले, “मागची दांडी लाव आधी.”

मी दांडी लावली, मगच तोंड बांधले. वाचकहो, यंदा यात्रेला गेलात आणि मनाजोगते जनावर मिळाले, तर सौद्याला जितका वेळ देता तितकाच त्याला गाडीत चढवायलाही द्या. दिवस मावळत असेल, तर एक रात्र तेथेच मुक्काम करा. सकाळी निघा. घरी ताट घेऊन वाट बघणारी माणसे एक दिवस आणखी थांबतील.