‘लूसी’चें कूळ

इंग्रजी कथापुस्तकांतून ‘लूसी’ हें नांव आपल्या मुलांमुलींच्या परिचयाचें झालें आहे. तें ऐकलें कीं एखादे उत्साही गृहस्थ हटकून सांगतात, हें मूळचें आपलें ‘लक्ष्मी’च, साहेबाच्या जिभेस जोडाक्षर पेललें नाहीं, म्हणून ‘लूसी’ झालें! शाळेंत संस्कृत शिकवीत असतां असल्या व्युत्पत्ति मीं पुष्कळ ऐकल्या. पहिलें अक्षर जुळलें कीं नातें जमलें, हा न्याय लावला तर जगांतील कोणतीहि भाषा कोणाचीहि लेक ठरेल. लूसीची खरी बहीण आपल्या घरांत आहे खरी. पण ती लक्ष्मी नव्हे, रुक्मिणी.

तें कसें, तें पाहूं. लूसी हें लॅटिन ‘लूकिआ’ या नांवाचें इंग्रजी रूप. ‘लूकिउस’ हें त्याचें पुल्लिंग. दोहोंचें मूळ ‘लूक्स’, म्हणजे प्रकाश, या शब्दांत आहे. त्याची षष्ठी ‘लूकिस’ अशी होते, म्हणून प्रकृति ‘लूक्’. आतां आपला ‘रुच्’ धातु घ्या. त्याचा अर्थ प्रकाशणें. त्यापासून रोचन, रुचि आणि ‘रुक्म’ म्हणजे चकाकणारें सोनें, रुक्मापासून रुक्मिणी. ‘र’ व ‘ल’ यांची अदलाबदल आपल्या वैयाकरणांस परिचितच आहे, आणि ‘लोचन’ शब्दांत संस्कृतानेंहि ‘ल’ राखला आहे. राहतां राहिला ‘क’चा ‘च’. ‘रुच्’मध्यें जें प्राचीन काळीं घडलें, तेंच पुढें इटलींत स्वतंत्रपणें घडलें. तेथें लूकिआची ‘लुचीआ’ झाली.

एवढ्यावरून लॅटिन संस्कृतापासून निघाली असें मात्र कोणीं समजूं नये. दोघी सख्ख्या बहिणी. त्यांची माता लिपिबद्ध होण्यापूर्वींच लुप्त झाली. बहिणीस मुलगी म्हटल्यानें आपला मान वाढत नाहीं.

रोमन लोकांत मुलाचें नांव नवव्या दिवशीं व मुलीचें आठव्या दिवशीं ठेवीत. आपलें बारसें बाराव्या दिवशीं. पुरुषांचीं व्यक्तिनामें इतकीं थोडीं होतीं कीं, शिलालेखांत लूकिउसकरितां एक आद्याक्षर खोदलें तरी भागे. वारो (ख्रिस्तपूर्व 116-27) या विद्वानानें उजेडीं जन्मलेला तो लूकिउस, असा अर्थ दिला आहे. अडलेल्या स्त्रिया ‘लूकीना’ देवीचा धांवा करीत, कारण ती बाळास अंधारांतून प्रकाशांत आणी. मुलींची मात्र उपेक्षाच होती. त्यांस बहुधा कुलनामच मिळे, आणि बहिणी अनेक असल्या तर थोरली, धाकटी, तिसरी असें म्हणून वेळ मारून नेत. स्त्रीनाम सुखोच्चार, मंगल व दीर्घस्वरान्त असावें, एवढी तरी चिंता मनूनें वाहिली होती!

लूकिआ हें नांव जगभर झालें तें एका कुमारिकेमुळें. सिसिली बेटांतील सिराक्यूस येथें, डायोक्लेशियन बादशहाच्या छळांत, इ. स. 304 च्या सुमारास तिला धर्मासाठीं मरण आलें, अशी परंपरा आहे. पुढें मध्ययुगांत तिच्या चरित्रांत डोळ्यांची कथा शिरली. चित्रकार तिच्या हातीं ताटलींत दोन डोळे देऊं लागले, आणि नेत्ररोगी तिला नवस बोलूं लागले. माझ्या मतें ही सारी कथा नांवांतून उपजली. नांवांत प्रकाश, म्हणून हातीं नेत्र. आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्यांतहि गांवाच्या नांवावरून कथा रचल्याचे दाखले थोडे नाहींत.

तिचा सण 13 डिसेंबरला येतो. मध्ययुगाच्या उत्तरार्धांत जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणें वर्षांतील सर्वांत मोठी रात्र याच सुमारास पडे. स्वीडननें 1753 सालीं नवें पंचांग स्वीकारलें, तरी तेथील सण त्याच तारखेस राहिला. पांढरा झगा, कमरेस तांबडा पट्टा आणि मस्तकावर दीपांचा मुकुट अशा वेषांत मुलगी पहांटे घरच्यांस कॉफी व केशरी पाव देते.

नांवाचीं रूपें देशोदेशीं बदललीं. फ्रेंचांत ‘ल्यूसी’, स्पेनांत ‘लुथीआ’, पोर्तुगिजांत ‘लुझीआ’. गोमंतकांतील ख्रिस्ती घरांत हें नांव पोर्तुगिजांबरोबर आलें. पुरुषांत लूशियस, लूचो, ल्यूसियां. वेस्ट इंडीजमधील एक बेट ‘सेंट लुशिया’ म्हणून ओळखलें जातें. तें 1979 सालीं स्वतंत्र झालें. व्हेनिसमधील तिच्या नांवाचें देऊळ 1861 सालीं रेल्वेसाठीं पाडण्यांत आलें, पण नांव स्टेशनास चिकटलें तें आजतागायत कायम आहे.

1974 सालीं इथिओपियांत हदार येथें सुमारें 32 लक्ष वर्षांपूर्वींच्या एका मानवसदृश मादीचा सांपळा सांपडला. शोधकांच्या तळावर त्या रात्रीं एक लोकप्रिय इंग्रजी गाणें वाजत होतें. त्यांतील लूसीचें नांव तिला मिळालें. इथिओपियाचे लोक तिला ‘दिंकिनेश’ म्हणतात. त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ ‘तूं अद्भुत आहेस’.