उंच उडीनंतर उतरायचं कुठं?

गडहिंग्लज म्हटलं की फुटबॉल, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण बास्केटबॉल? आणि तोही बाईनं, पैसे घेऊन खेळायचा? आज जिची गोष्ट सांगायची आहे, त्या लुसिया हॅरिसच्या पुढंही हाच प्रश्न होता.

लुसियाचा जन्म 1955चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या मिंटर सिटी या खेड्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब, अकरा भावंडं, लुसिया दहावी. आई-वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबायचे. ही पोरगी रात्री वाकळेआड लपून टीव्हीवर ऑस्कर रॉबर्टसनचा खेळ बघायची. उंची वाढत वाढत सहा फूट तीन इंच झाली. शाळेत चेष्टा व्हायची. मग त्याच उंचीचं तिनं सोनं केलं!

डेल्टा स्टेट विद्यापीठात तिला प्रशिक्षक भेटल्या मार्गारेट वेड. बायकांना झेपणार नाही म्हणून 1930च्या दशकात याच संस्थेनं मुलींचा संघ बंद केला होता, तेव्हा वेडबाई त्या संघात खेळत होत्या. 1972मध्ये शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा कायदा आला आणि दुसऱ्याच वर्षी संघ पुन्हा उभा राहिला. संघात कृष्णवर्णीय एकटी लुसियाच. 1975, 76, 77 अशी सलग तीन वर्षं या संघानं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल प्रथमच आलं. त्यातला पहिला बास्केट लुसियाचा! अमेरिकेला रौप्यपदक मिळालं.

आणि पुढं? पुढं काहीच नव्हतं. तिच्या देशात बायकांची व्यावसायिक स्पर्धाच नव्हती. 1977मध्ये पुरुषांच्या एनबीएतल्या न्यू ऑर्लिन्स जॅझनं तिची अधिकृत निवड केली. असा मान मिळालेली ती पहिली बाई. पण पुरुषांपुढं आपला निभाव लागेल असं तिला वाटेना. शिवाय तिला दिवस गेले होते. तिनं नकार दिला. 1978मध्ये बायकांची लीग सुरू झाली, तीत पुढं ह्यूस्टन एंजल्सकडून ती एक हंगाम खेळली. 1981मध्ये ती लीगही बंद पडली.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. बायपोलर या मानसिक आजारानं तिला गाठलं. तरी तिनं उपचार घेतले, चार मुलं वाढवली, शाळेत शिकवलं, मुलींना खेळ शिकवला. 1992मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला, तेव्हा सोबत उभा होता तोच ऑस्कर रॉबर्टसन! डब्ल्यूएनबीए ही बायकांची लीग 1997मध्ये खेळू लागली, तेव्हा लुसिया बेचाळीस वर्षांची होती. जानेवारी 2022मध्ये ती गेली. तिच्यावरच्या 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' या लघुपटाला त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्कर मिळालं.

मैत्रिणींनो, लुसियाकडं गुण कमी नव्हते, पुढची पायरी कुणी बांधली नव्हती. आपल्याकडं आज पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेली आपण पाहिली. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. म्हणजे पायऱ्या थोड्या का होईना, आहेत. मग दहावी झाली की, 'बास झालं आता खेळणं' असं लेकीला सांगताना आपण जरा थांबायला नको का?